पंगतीत मागितलेली मजुरी

नव्वदनंतरची चार-पाच वर्षं आम्ही सुरतेला बमरोलीत काढली. नवरा लूमवर, आणि मी खानदेशी भरीत-भाकरी रांधायला कार्याकार्यांतून फिरायचे. एकदा त्याच्याच शेठनी बोलावलं. एका हॉलमध्ये धंद्यातल्या नीतीवर तीन धर्मांची व्याख्यानं होती. जेवायला चाळीस पानं. मजुरी हातोहात देईन, असं कबूल करून त्यांनी मला आणि शेजारणीला नेलं.

भाकरी थापताना माइकवरचं सगळं ऐकू येत होतं. एक मौलवी, एक पाद्री आणि अहमदाबादहून आलेले एक ज्यू म्हातारबाबा, मूळचे कोकणातले. व्याजावरून तासभर जुंपली. मौलवी म्हणाले, कुणाकडूनच घ्यायचं नाही. बाबा म्हणाले, आपल्या माणसाकडून नाही, परक्याकडून चालतं. पाद्री म्हणाले, आमच्यात आधी मनाई होती, पुढे सैल पडली.

"माय वं, हे जेवणार कधी?" शेजारीण म्हणाली.

मग मजुरीचा विषय निघाला, आणि तिघांचा एकच सूर! मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्यावेत, बाबा म्हणाले. घाम वाळायच्या आत, मौलवी म्हणाले. अडवलेली मजुरी देवाच्या कानापर्यंत ओरडत जाते, हे पाद्रींचं. टाळ्याच टाळ्या. शेठनीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. एवढी मोठी माणसं आपल्या बाजूची आहेत, असं वाटलं.

ऊन उतरता उतरता पंगत बसली. शेठना पैशांचं विचारलं, तर म्हणाले, "गुरुवारे आवजो, बेन."

माझं डोकंच फिरलं. पानावर बसलेल्यांपुढे मजुरीचं नाव काढायचं नाही, ही आम्हा रांधणाऱ्या बायांची रीत. मी ती मोडली. भाकरीची टोपली घेऊन त्या तिघांपुढे उभी राहिले आणि म्हटलं, "सूर्य मावळतोय. आमचे पैसे गुरुवारी म्हणतात. आता बोला!"

"बाई, तुमचं बरोबर आहे," बाबा स्वच्छ मराठीत म्हणाले. मौलवींनी मान डोलावली. पाद्री शेठकडे बघून ओशाळं हसले. आणि मेल्यांनी पुन्हा भरीत वाढून घेतलं! शेठनी लाल होऊन नोटा माझ्या टोपलीत टाकल्या.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला लूमवर उभं केलं नाही. आसपासच्या कारखान्यांतही निरोप गेला होता. आठ दिवस तो दारात बसून राहिला. नवव्या दिवशी मी शेठच्या ऑफिसात गेले, शेजारणीच्या वाट्याचेही पदरचे घालून सगळे पैसे टेबलावर ठेवले आणि हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं."

त्यांनी नोटा खिशात घातल्या. "मोकल एने," म्हणाले, म्हणजे पाठव त्याला.

नवरा त्याच दिवशी कामावर गेला. मी घरी येऊन दार लावलं आणि रडत रडत शिव्या घातल्या. शेठला नाही, त्या तिघांना. शेठकडून मी कधी आशाच केली नव्हती.