आतडीसरांचा गंजीफ्रॉक

आमच्या विज्ञानाच्या सरांचं यकृत बाहेरून दिसायचं. हृदय, फुफ्फुसं, जठर आणि आतडी हा बाकीचा ऐवजही दिसायचा. शरीराचा धडा आला की सर हजेरी घेत, शर्टाची बटणं काढत, शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकत आणि आमच्याकडे वळत. आत पांढरा गंजीफ्रॉक, आणि त्यावर सगळे अवयव ज्याच्या त्याच्या जागी रंगवलेले. फुफ्फुसं निळ्या शाईची, हृदय लाल रंगाचं आणि यकृत भिरंडांच्या, म्हणजे कोकमांच्या, रसाचं. भिरंडाचा डाग काही केल्या जात नाही, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं होतं म्हणे. पोरं त्यांना आतडीसर म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं, पण त्यावरून त्यांनी कधी कुणाला छडी मारली नाही.

सर मूळचे पेडण्याकडल्या धारगळचे. आमच्या डिचोली तालुक्यात कारापूरला एका खोलीत राहायचे आणि तिथून चालत आमच्या हायस्कूलला यायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची, सर समजावायचे मराठीत, आम्ही शंका विचारायचो कोंकणीत आणि रागावले की सर पेडण्याच्या बोलीवर यायचे. एवढं सगळं होऊन आम्हाला पचनसंस्था कळायची. एकदा त्यांनी लहान आतड्याएवढा लांब सुंभ आणला आणि एक टोक पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात देऊन दुसरं ओढत नेलं, ते थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत. मुख्याध्यापक चहा पीत होते. "सर, तुमी आता मोठ्या आतड्याच्या तोंडाशी बसल्यात," असं त्यांना सांगून सर परत वर्गात आले.

शाळेकडे पुतळा नव्हता असं नाही. एका दानशूर गृहस्थानं कागदाच्या लगद्याचा मानवी धडाचा सुरेख पुतळा दिला होता. पोटाचं झाकण उघडलं की एकेक अवयव हातात घेता येई. पण तो यायला आणि गोव्यात राजभाषेचा वाद पेटायला एकच गाठ पडली. अवयवांवर नावांच्या चिठ्ठ्या कोणत्या भाषेत लावायच्या, यावरून व्यवस्थापन समितीत उभी फूट पडली. अर्धे मराठीचे, अर्धे कोंकणीचे. इंग्रजीत लावा म्हणणारा एकच सभासद होता, त्याच्याशी दोन्ही बाजूंनी बोलणं टाकलं. निर्णय होईपर्यंत पुतळा कपाटात ठेवावा असं ठरलं, आणि चावी अध्यक्षांकडे गेली. अध्यक्षांचे खाणीवर ट्रक होते, त्यामुळे अवजड मालाची त्यांना सवय होती.

सरांनी अर्जावर अर्ज केले. समितीपुढे जाऊन सांगितलं, "यकृताक भाषा नसता. ता पित्त करता. चिठ्ठ्ये नकोत, माका पुतळो द्या. पोरांका हात लावूंक मिळांदे." समितीनं अर्ज नोंदवून घेतला. मग सरांनी गंजीफ्रॉक रंगवायला घेतला.

त्यांचा सगळ्यात लाडका प्रश्न एकच. एखाद्याला उभं करायचं आणि विचारायचं, "यकृत खंय?" तो आपल्या समोर दिसतं तसं बघून "डावीकडे" म्हणायचा, की सर गरजायचे, "डावी कोणाची? तुजी काय माजी?" मग त्याला दंडाला धरून आपल्या शेजारी, आपल्याच दिशेला तोंड करून उभं करायचे, की यकृत उजवीकडे यायचं. "दुसऱ्याचा शरीर बघताना आपली बाजू विसर. त्याच्या बाजूक येऊन उभो रव." मेंदूचा धडाही असाच. डाव्या मेंदूचा हुकूम मानेपाशी ओलांडून उजव्या हाताला जातो, हे सांगताना ते डावं कपाळ ठोकायचे आणि उजवा हात झटकन वर करायचे. असं कशाला, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "सरकारात बघ. डिचोलीचो अर्ज पेडण्याच्या टेबलार गावता. फरक इतकोच, मेंदूचा काम लगेच होता." बरोबर उत्तर दिलं तर शाबासकी वगैरे काही नसे. सर हाताचा पंजा हळूच खाली करायचे, म्हणजे बस.

मग तक्रार झाली. मुली असलेल्या वर्गात मास्तर शर्ट काढतो, असा पालकांचा अर्ज समितीकडे गेला. सांगायला लाज वाटते, पण त्यावर माझ्या वडिलांचीही सही होती. घरी सरांची नक्कल करून सगळ्यांना हसवणारी मीच होते. भाषेवरून भांडणारी समिती या बाबतीत मात्र एकमुखी निघाली. अध्यक्षांनी जाब विचारला तेव्हा सर म्हणाले, "पुतळोय उघडोच आसा. तो कपाटात आसा म्हणून मी वर्गात आसंय." त्यांना सक्त ताकीद मिळाली. दुसऱ्या दिवशी सर शर्टाच्या वरून गंजीफ्रॉक घालून वर्गात आले. सभ्यता राहिली, यकृतही राहिलं. हजेरीत माझं नाव आलं तेव्हा नेहमीसारखंच त्यांनी वर पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं. त्या दिवसापासून माझं हसू गेलं.

राजभाषेचा कायदा झाला, गोव्याचं राज्य झालं, पण चिठ्ठ्यांचा निर्णय काही झाला नाही. मी दहावीत असताना सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांची इच्छा पुरी करायची असं समितीच्या मनात आलं. पुतळा कपाटातून निघाला, स्टेजवर आला, त्याला झेंडूचा हार घातला गेला. अध्यक्षांनी टाळ्यांच्या गजरात पोटाचं झाकण उघडलं. आत मातीची बारीक रांग आणि भुगा. वाळवीनं यकृत, फुफ्फुसं, आतडी सगळं खाऊन टाकलं होतं, कोणाचीही भाषा न विचारता.

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. सर उठले. शाल काढून खुर्चीवर ठेवली, शेजारी तबक धरून मी उभी होते, नारळ माझ्या हातात दिला आणि शर्टाची बटणं काढायला लागले. निरोपाच्या दिवशीही ते आतून तोच गंजीफ्रॉक घालून आले होते. "अध्यक्षानू, यकृत खंय?" अध्यक्षांनी घाबरून समोर बोट केलं, "डावीकडे." सगळी शाळा एका सुरात ओरडली, "डावी कोणाची?" सरांनी अध्यक्षांना दंडाला धरून शेजारी उभं केलं आणि सगळा धडा शिकवला, घंटा होईपर्यंत. पुढं शाळेत नवा पुतळा आला म्हणतात. त्याच्यासाठी कपाटही नवं आलं.

मी नर्स झाले. सरांची माफी मागायची, असं दर सुट्टीत ठरवायचे आणि दर सुट्टीत राहून जायचं. शेवटी सरांना झटका आल्याचं कळलं तेव्हा धारगळला गेले. उजवी बाजू लुळी पडली होती, वाचा गेली होती. त्यांच्या बायकोनं मला खाटेजवळ आणलं. मी उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात केली, "सर, त्या अर्जावर बाबांची सही होती, ती माझ्यामुळे..."

सरांनी डावा हात वर करून मला थांबवलं. मग त्याच हातानं डावं कपाळ ठोकलं, आणि उशीवर पडलेल्या उजव्या हाताकडे बोट केलं. माझ्याकडे बघत राहिले. ती नजर मी वर्गात शंभरदा पाहिली होती. मी खाटेला वळसा घालून त्यांच्या उशाशी, त्यांच्याच दिशेला तोंड करून उभी राहिले.

"मेंदूची डावी बाजू, सर. हुकूम मानेपाशी ओलांडतो. म्हणून उजवा हात."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पुढचा प्रश्न.

"वाचेचं केंद्रही बहुतेकांचं डावीकडेच असतं. तुमच्या डावीकडे, सर."

सरांनी हाताचा पंजा हळूच खाली केला. मी बसले.