थोरली पनवेलला, धाकटी उरणला

जी वस्तू एकच आहे तिच्यावर आमच्या ऑफिसातल्या सरांचा विश्वास नव्हता, आणि या बाबतीत त्यांच्याइतका अविश्वासू माणूस पनवेलमध्ये दुसरा नसेल. त्यांच्याकडे एकाच नंबरचे दोन चष्मे होते आणि दोन काळ्या छत्र्या होत्या. एसटीची वेळ ते नेहमी दोन वेगवेगळ्या माणसांना विचारत, आणि दोघांनी एकच वेळ सांगितली तर दुसऱ्यानं पहिल्याचं ऐकून सांगितलं असेल असा संशय घेत. छत्र्यांपैकी एक ऑफिसात आणि दुसरी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे असे, कारण दोन्ही एकाच छपराखाली ठेवणं म्हणजे त्यांच्या मते एकच ठेवणं. मी त्यांना अनेकदा चिंब भिजलेलं पाहिलं आहे. दर वेळी ते अशा ठिकाणी सापडत, जिथून दोन्ही छत्र्या सारख्याच लांब होत्या. सर एकटे राहत. घराच्या लॅचची दुसरी किल्ली त्यांनी शेजाऱ्यांकडे दिली नव्हती. "शेजारी म्हणजे तीच इमारत. आग लागली तर दोन्ही किल्ल्या जातील," असं त्यांनी मला सांगितलं. इमारत जळाल्यावर किल्लीचं काय करायचं, हे मी विचारलं नाही. तेव्हा मी फारसं काही विचारत नसे. ती किल्ली उरणला म्हात्रेकाकांकडे होती. पुढे त्या किल्लीसाठी मी एका बंद दारासमोर थांबून राहिले, म्हणून आधीच सांगून ठेवते.

म्हात्रेकाका आमच्या कंपनीच्या उरणच्या कंटेनर यार्डचे सुपरवायझर. कुठला कंटेनर कितव्या रांगेत आणि कितव्या थरावर आहे, याची नोंद पनवेलच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर होत असे. ती नोंद गेली तर यार्ड म्हणजे नुसती लोखंडी डब्यांची रास. म्हणून सरांनी तिची जिवंत प्रत उरणच्या दुसऱ्या सर्व्हरवर ठेवली होती. पनवेलला एक ओळ लिहिली की क्षणभरात ती उरणला उमटायची. हे काम करणारं सॉफ्टवेअर जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्यावं, कुणीही उघडून पाहावं असं. पनवेलच्या सर्व्हरला सर थोरली म्हणत आणि उरणच्या सर्व्हरला धाकटी. सकाळी आल्या आल्या "चहा झाला का" असं न विचारता ते "धाकटी किती मागे आहे?" असं विचारत, आणि मी सेकंदांत उत्तर दिलं की मगच बसत. मधली लाइन तुटून दोघींनाही आपणच थोरली असल्याचा भ्रम होणं, ही त्यांच्या लेखी सगळ्यात मोठी आपत्ती होती. "बाप गेल्यावर दोघा भावांनी आपापला सातबारा काढावा आणि दोन्ही खरे निघावेत, तसं," असं त्यांनी म्हात्रेकाकांना समजावलं. काकांच्या घरी त्या वेळी साधारण हेच चाललं होतं. ते शांतपणे म्हणाले, "मंग नको सर. मशिनीला तरी वकील नको लागायला."

त्या सॉफ्टवेअरची एक मेलिंग लिस्ट होती. अडलेले लोक तिथे प्रश्न टाकत आणि ज्याला येईल तो उत्तर देई. पनवेलमध्ये सरांना ओळखणारे पेपरवाला, चहावाला आणि आम्ही, पण त्या लिस्टवर त्यांना फार मान होता. रोज सकाळी सात वाजता घरी चहा पिता पिता ते पहिलं उत्तर लिहीत, आणि संध्याकाळपर्यंत तासाभराच्या वर कुणाला ताटकळू देत नसत. मला काही अडलं तरी समोर बसून विचारायची सोय नव्हती. "लिस्टवर टाक. उत्तर मीच देईन, पण आणखी दहा जणांना कळेल." मग मी इंग्रजीत प्रश्न लिहायची, आणि माझ्यापासून दोन हातांवर बसलेले सर "डिअर मॅडम" अशी सुरुवात करून उत्तर पाठवायचे. मला बोलण्यापेक्षा हेच बरं वाटे. एकदा त्यांनी या सॉफ्टवेअरच्या वापरकर्त्यांचं पनवेलला संमेलन भरवलं. वीस खुर्च्या मांडल्या होत्या, पाच माणसं आली, त्यांतले दोघे चुकून आले होते आणि त्यांना खालच्या मजल्यावरच्या साखरपुड्याला जायचं होतं. सरांनी त्या दोघांनाही बसवून घेतलं आणि पाऊण तास एकच मुद्दा सांगितला: प्रत असली म्हणून निर्धास्त राहू नका, थोरलीनं चूक केली तर धाकटी तीच चूक तितक्याच श्रद्धेनं करते.

सरांचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे सराव. जी प्रत कधी चालवून पाहिली नाही ती प्रतच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी भर दुपारी ते स्वतःच्या हातानं थोरलीची वायर उपटत आणि घड्याळ लावून बसत. धाकटीनं किती मिनिटांत काम उचललं ते मला एका लांब रजिस्टरात मराठीत लिहावं लागे. माझी शाळा इंग्रजी. माझे ऱ्हस्वदीर्घ ते लाल शाईनं सुधारत आणि शेवटच्या रकान्यात शेरा देत. पुढे त्यांना वाटलं, मशीनची प्रत झाली, माणसाचं काय? त्यांच्या कामाची प्रत म्हणजे त्यांच्या हाताखाली काम करणारी मी. मग त्यांनी स्वतःचीच वायर उपटायला सुरुवात केली. एखाद्या दिवशी न सांगता ते येतच नसत. ऑफिससमोरच्या हॉटेलात पेपर वाचत बसत आणि सहाच्या ठोक्याला येऊन शेरा लिहीत. नियम एकच होता: सरांना फोन करायचा नाही. पहिल्या वेळी मी जेवणापर्यंत सात फोन केले. शेरा आला, "सात फोन. नापास." दुसऱ्या वेळी तीन. तिसऱ्या वेळी एकही केला नाही, तर त्यांनी लिहिलं, "खिडकीतून हॉटेलकडे अकरा मिनिटे पाहत उभी. काठावर पास." एकदा रजिस्टर मिटताना म्हणाले, एका दिवसाचा सराव म्हणजे डबा घरी विसरण्यासारखं, कुणाचंही निभतं. खरा सराव दोन दिवसांचा.

म्हणून त्या सोमवारी सर आले नाहीत, तेव्हा मी रजिस्टर काढून तारीख घातली. खिडकीकडे गेले नाही. सहाला ते आले नाहीत, तेव्हा मनात म्हटलं, हा दोन दिवसांचा. मंगळवारी सकाळी बंदरात दोन जहाजं एकदम लागली, अकरा वाजता पनवेलची वीज गेली, बॅटरीनं मान टाकली आणि थोरली पडली. मी चार मिनिटांत सगळं काम धाकटीवर नेलं. म्हात्रेकाकांच्या गेटवरचा एकही ट्रेलर थांबला नाही. मी रजिस्टरात लिहिलं, "फोन शून्य. काम थांबले नाही." ते मी दोनदा वाचलं, ऱ्हस्वदीर्घ तपासले आणि शेऱ्याचा रकाना सरांसाठी मोकळा ठेवला. मी शिस्तीनं वागले असं नंतर सगळे म्हणाले. खरं सांगायचं तर फोन करणं मला मुळातच जड जातं, आणि न करण्याचा नियम मला सोयीचा होता.

दुपारी तीनच्या सुमारास मला एक मेल आला. ब्राझीलमधल्या एका गृहस्थाचा होता. त्याची प्रत गेले तीन आठवडे बिघडलेली होती आणि सर त्याला रोज एकेक पायरी सांगत होते. लिस्टवरच्या माझ्या जुन्या प्रश्नांमधून त्यानं माझा पत्ता काढला होता. त्यानं स्वतःच्या अडचणीबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं. रविवारनंतर सरांचं कुणालाच उत्तर नाही, इतक्या वर्षांत असं कधी झालेलं नाही, ते बरे आहेत ना, एवढंच विचारलं होतं. आधीच्या प्रत्येक सरावाच्या दिवशीही सर लिस्टवर उत्तरं देत होते, हे मला तेव्हा आठवलं. मी दोन दिवस दोन्ही मशीनवर लक्ष ठेवून होते. लिस्ट उघडलीच नव्हती.

मी फोन लावला. तो वाजत राहिला. रिक्षानं त्यांच्या इमारतीत गेले, दारासमोर उभं राहून पुन्हा लावला, तर आतून रिंग ऐकू आली. समोरच्या काकू म्हणाल्या, "सर असेच कुठेकुठे जातात गं, मोबाईल विसरले असतील. दार कशाला फोडायचं?" दार फोडायला कुणी तयार नव्हतं, आणि फोडाच असं मोठ्यानं सांगणं मला जमलं नाही. मी म्हात्रेकाकांना फोन केला. "किल्ली खिशातच हाय," ते म्हणाले, "निंगालो." पळस्पे फाट्यावर ट्रेलर उलटून रांग लागली होती. मोटरसायकल असूनही त्यांना सव्वा तास लागला. तो सव्वा तास मी जिन्यात बसून होते आणि मधूनमधून फोन लावत होते, आतलं काहीतरी चालू आहे हे ऐकायला.

सर स्वयंपाकघरात जमिनीवर होते. डोळे उघडे होते. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. ओट्यावरच्या चहावर साय धरून ती सुकली होती, सोमवारच्या सकाळची. समोरच्या भिंतीवर दोन घड्याळं होती आणि दोन्ही बरोबर वेळ दाखवत होती. म्हात्रेकाकांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाले, "पोरी, रडू नको. आंबुलन्सला फोन कर." मी केला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की पहिल्या काही तासांत आणलं असतं तर बोलणं कदाचित परत आलं असतं. मला कुणीच दोष दिला नाही. मालकांनी तर सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, की सर नसताना दोन दिवस काम एकदाही अडलं नाही.

सर आता पेणला बहिणीकडे असतात. दोन महिन्यांनी मी रजिस्टर घेऊन गेले. ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट ओळीवरून हळूहळू नेलं, "शून्य" या शब्दावर थांबवलं आणि खूप वेळ तिथेच ठेवलं. मग बोट शेऱ्याच्या रकान्यावर आणलं. त्यांच्याकडे चारपाच शब्द उरले आहेत, त्यांतला एक त्यांनी मोठ्या कष्टानं काढला. "पास," ते म्हणाले. मी पेन उचललं नाही. तो रकाना अजून मोकळा आहे.

ब्राझीलच्या गृहस्थाला मी सगळं कळवलं. त्याची प्रत आता चालते. उरलेल्या पायऱ्या मीच सांगितल्या. रोज संध्याकाळी सहाला पेणहून एक मिस्ड कॉल येतो. एकच रिंग, उचलायची नाही असं आमचं ठरलं आहे. डाव्या अंगठ्यानं नंबर दाबायला त्यांना वेळ लागतो आणि बहिणीला ते हात लावू देत नाहीत. किती मिनिटं मागे, ते मी रजिस्टरात लिहिते. कधी चार, कधी अकरा. पंधराच्या पुढे गेलं की मी वाट पाहत नाही, स्वतः फोन लावते. अजूनही जड जातं. पण लावते.