विहिरीवरचा दगड

गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून सगळ्यांनी घराची दारं, खिडक्या, छपराचे कवेलू काढून नेले. बाबांनी ट्रॅक्टरमध्ये विहिरीवरचा दगड टाकला, ज्यावर सारं गाव विळ्यांना धार लावायचं. त्यानं सामानाची जागा अडवली म्हणून नव्या घरापर्यंत आई त्यांच्याशी बोलली नाही.

सुरीला धार लावायला मी मोबाइलवर बघून शिकलो. त्यातला माणूस सांगायचा, दगड सपाट हवा. आमचा मधोमध पार खोल गेलेला. त्यावर सरळ सुरी टेकायलाच तयार नाही. मी दगड घासायला शेजाऱ्यांचा ग्राइंडर मागून आणला. बाबांनी येऊन प्लग काढला.

"कायले घासून राहिला त्याले?"

"सपाट करून राहिलो. सुरी बसत नाही त्याच्यावर."

"हा खड्डा पाडाले सारं गाव लागलं. तू एकटाच मिटवतो?"

मी चिडून भंडाऱ्याहून सपाट दगड विकत आणला. सुरीनं कागद चिरून आईला दाखवला आणि म्हणालो, आता तुझा विळाही दे. आईनं नवा दगड उलटसुलट करून पाहिला, लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवला, आणि विळा नि तांब्याभर पाणी घेऊन जुन्या दगडाशी जाऊन बसली.