‘घरंदाज’ उमेदवार पाहिजे

“दाखला हातात देऊ नकोस. तिथं खाली ठेव.”

नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, कचेरीत मॅनेजर मला असं म्हणाला. थोड्या वेळापूर्वी याच माणसाने मी लिहिलेलं पत्र हातात घेऊन मोठ्याने वाचलं होतं. रुईच्या गाठी उशिरा निघतील, असं मुंबईच्या व्यापाऱ्याला कळवायचं होतं. मजकूर त्याने तोंडी सांगितला, मी एका दमात उतरवला. “अक्षर छान आहे. हेच पाठवू,” म्हणत त्याने सहीही केली. मग गाव विचारलं. सारंगखेडा. वडील काय करतात? महारकी.

त्याने बोटं धोतराला पुसली.

शाळेचा दाखला मी फरशीवर ठेवला. ठेवला मी. अजून त्याची चीड येते.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. आमच्या महारवाड्यातला सातवीची फायनल पास झालेला पहिला. जाहिरात एका साप्ताहिकात आली होती. ‘कारकून पाहिजे. घरंदाज, सालस, निर्मळ राहणीचा, मिळूनमिसळून वागणारा.’ बापाला वाचून दाखवली. पहिल्याच शब्दावर तो अडला.

“घरंदाज म्हंजे काय रे?”

“चांगल्या घरना.”

“मंग आपलं घर काय वाईट शे? तू जाय.”

मायने सदरा धुऊन दिला. तापी ओलांडून दोंडाईच्यापर्यंत पायी गेलो, तिथून रेल्वेने नंदुरबार. वाटेत जाहिरात पुन्हा पुन्हा वाचली. दारू पीत नव्हतो. कुणाशी भांडण नव्हतं. वाटलं, हे तर माझंच वर्णन.

“घरंदाज लिहिलंय जाहिरातीत,” मॅनेजर म्हणाला. “वाचता येतं ना तुला?”

“वाचलं म्हणूनच आलो. आमचंही घर आहे.”

बाकावरचे दोन उमेदवार हसले. त्यातल्या एकाने त्याच पत्राच्या चार ओळींत सहा चुका केल्या होत्या. मॅनेजरने त्याला जवळची खुर्ची दिली. मला म्हणाला, “सालस दिसतोस. उद्यापासून मागच्या दाराने ये. सरकीचं अंगण झाडायला माणूस हवाच आहे.”

तेव्हा डोक्यात लख्ख झालं. घरंदाज म्हणजे महारवाड्याबाहेरचा. मिळूनमिसळून म्हणजे त्यांच्या माठाला हात लावू शकतो तो. निर्मळ राहणीचा आणि माझ्या अंघोळीचा काही संबंधच नव्हता. आणि सालस म्हणजे हे सगळं ऐकून मान खाली घालणारा. तो एकच शब्द त्यांनी माझ्यासाठी ठेवला होता.

मी दाखला उचलला. टेबलापाशी गेलो आणि माझं पत्र घेतलं.

“ते जिनाचं आहे,” मॅनेजर ओरडला. “हात लावू नकोस.”

“माझ्या हाताचं पत्र चालतं. मग मी का चालत नाही?”

मी पत्र उभं फाडलं, तुकडे टेबलावर ठेवले आणि पुढच्या दाराने बाहेर पडलो. मागून शिव्या आल्या. स्टेशनवर बसवेना. गाडी येईपर्यंत फलाटावर नुसत्या येरझारा घातल्या.

घरी बाप चिडला. “करी लेता अंगण झाडाना काम. काम ते काम शे.”

“अंगण झाडाले शाळा लागत नही, बापू. मंग माले शाळात कसाले धाडं?”

तो उठून बाहेर गेला. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

मी शाळेतल्या मास्तरांकडून त्या साप्ताहिकाचे जुने अंक मागून आणले. कुलीन. खानदानी. सुसंस्कृत. जिथं तिथं तेच, फक्त शब्द वेगळा. मी अर्ज लिहायला बसलो. पहिल्याच ओळीत जात लिहिली, नाव त्याखाली. दोन अर्जांना उत्तर आलं नाही. तिसऱ्याला आलं, ‘जागा भरली.’ पुढच्या अंकात तीच जाहिरात पुन्हा छापलेली. मी पुन्हा अर्ज टाकला. आता महारवाड्यातले आणखी दोघे माझ्याकडे अर्ज लिहायला शिकताहेत.

महार नको असेल, तर ‘महार नको’ असं छापा. खाली आपलं नाव घाला. ते छापत नाही तोवर तुमच्या प्रत्येक जाहिरातीला आमचा अर्ज येईल.