लिचीची चव

चीनमधल्या शाजिंगच्या एका कारखान्यात थान यूफनच्या जिभेला फार मान होता. ई-सिगारेटच्या कॉइलची, म्हणजे आतला रस तापवणाऱ्या तारेची, प्रत्येक नवी खेप आधी तिच्या तोंडाला लागायची. कॉइलचा रोध जितका कमी, तितकी ती त्याच व्होल्टला जास्त तापते. रोध आणि व्होल्ट यांचं जमलं नाही तर आतला लिचीच्या स्वादाच्या रसात भिजलेला कापूस करपतो. हे करपणं यूफनने एका झुरक्यात ओळखायचं. ती "लिची" म्हणाली की खेप पुढे.

खरं सांगायचं तर गेलं वर्षभर तिला लिची आणि राख यांतलं काही कळत नव्हतं. हजारो झुरक्यांनी जीभ मेली होती, नाक गेलं होतं, घसा निबर झाला होता. ती गुपचूप मीटरवर रोध बघायची, मनातल्या मनात व्होल्टशी ताळा जमवायची आणि डोळे मिटून चाखल्याचं सोंग करायची. सोंग मात्र झकास वठायचं.

तिची कीव करायचं कारण नाही. तिच्या आधी या खुर्चीवर म्हातारा छ्यू होता आणि त्याचीही जीभ अशीच गेली होती. आठ वर्षांपूर्वी यूफनने एक पॉइंट दोन ओहमच्या चिठ्ठीखाली निम्म्या रोधाची कॉइल बसवून सगळ्यांदेखत त्याच्या हातात दिली. छ्यूने झुरका घेतला आणि म्हणाला, "लिची. उत्तम!" शेजारच्याने तीच ओढली आणि थुंकला. लोक पोट धरून हसले. सगळ्यांत मोठ्याने यूफन हसली. दुपारपर्यंत खुर्ची तिची झाली.

या सोमवारी लाइनची मुकादम म्याओ तिच्यापुढे चाचणीची ई-सिगारेट घेऊन उभी राहिली. मागे सगळी लाइन गोळा झाली होती.

"थान ताई, आज मीटर नाही हं. नुसतं चाखून सांगा."

"मीटर का काढलं?"

"तुमच्यासारख्या जिभेला कशाला लागतंय मीटर?"

चिठ्ठीवर लिहिलं होतं, एक पॉइंट दोन. व्होल्ट तीन पॉइंट सात. यूफन मनातून हसलीच. माझाच डाव माझ्यावर काय! तिने झुरका घेतला. काहीतरी कोमट आत गेलं, एवढंच. मग ती जोरजोरात खोकली.

"शी! करपलंय सगळं! निम्म्या रोधाची घातलीत ना? मला बनवता होय गं?"

म्याओने खिशातून मीटर काढून लावलं. एक पॉइंट दोन. मग तिने स्वतः झुरका घेतला.

"लिची. छान गोड. छ्यू काकांना तुम्ही कसं घालवलंत ते माहितीये आम्हाला, ताई. म्हणून तर आम्ही कॉइल बदललीच नाही."

हसणं जिन्यापर्यंत तिच्या पाठीमागे आलं.

फाटकाबाहेर छ्यूची शेवयांच्या सुपाची गाडी होती. त्याच्या खारट सुपाची सगळा कारखाना टिंगल करायचा. आठ वर्षं यूफन रस्त्याच्या पलीकडून जात आली होती. आज पाय तिथेच थबकले.

"यूफन? ये ये!" म्हाताऱ्याने घाईघाईने वाटी भरली. "एवढं चाखून सांग. मीठ जास्त होतं का गं? मला कळत नाही, आणि हे लोक नुसते हसतात. तू मला बरोबर पकडलंस. तुझ्या जिभेवर माझा भरवसा आहे."

तिने चमचा तोंडात घातला. सूप गरम होतं.

"बरोबर आहे, काका," ती म्हणाली.

छ्यूचा चेहरा उजळला. त्याने तेच सूप रांगेतल्या पहिल्या माणसाला वाढलं, आणि तो पहिल्याच घोटाला रस्त्यावर थुंकला.