राऊटरचे हिरवे दिवे

दिवाळी सरली की शिरूर कासारमधल्या आमच्या गल्लीत निम्म्या घरांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात. माझी थोरली बहीणही दाजींबरोबर जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती मध्येच सोडून आली तर दाजींचा कोयता मोडणार, मुकादम तोंड सोडणार. अंथरुणाला खिळलेली आई माझ्याकडे होती. घरात आम्ही दोघंच.

त्या वर्षी निघताना बहीण म्हणाली होती, "मला रोज आयचं तोंड दाव. तोंड बगून ठरवीन, यायचं का न्हाई. मुकादमाचं मी बगते."

घरात मोबाइलला रेंज नाही, बोलायचं तर पत्र्यावर चढावं लागतं. म्हणून आईच्या खाटेसमोर कंप्युटर मांडला. दुपारी उसाच्या फडात भाकरी खाता खाता बहीण व्हिडिओ कॉल करायची. भाकरी संपली की गाडी भरायला उठायची.

उंदरांनी नेटची वायर कुरतडली, तेव्हा मी वायफायचं बोटाएवढं यंत्र आणून कंप्युटरला खोचलं आणि पीडा मागे लावून घेतली. कंप्युटर झोपेत गेला की उठल्यावर नेट गायब. बंद करून पुन्हा चालू केला की यायचं, पण त्या जुन्या धुडाला चालू व्हायला पाव तास लागायचा.

पहिल्या दिवशी मी मुलांना शिकवून दुपारच्या सुट्टीत शाळेतून आलो, कंप्युटर उठवला, नेट नाही. तो पुन्हा चालू होईतो तिकडे भाकरी संपली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून आधीच चालू करून बसलो. कॉल यायला उशीर झाला. तेवढ्यात मी आईचं पाणी गरम करायला उठलो आणि हे महाशय पुन्हा झोपले. मी माउस आपटला. पत्र्यावर चढून बहिणीला फोन लावला.

"आय कशी हाय? खरं सांग. येऊ का?"

"कावून यायचं? बरी हाय. नेट तेवढं गेलंय. उद्या तूच बग."

तिसऱ्या दिवशी नेटच्या लाइनवाल्याला बोलावलं. त्यानं राऊटर पाहिला. "दिवे हिरवे हायती, गुर्जी. लाइन चांगली हाय. तुमचा कंप्युटरच झोपताना ते यंत्र बंद करतोय. त्याची सेटिंग बगा."

मी गावाला कंप्युटर शिकवणारा माणूस. मला हा शिकवणार? मी त्याच्यावर असा तडकलो की तो पाना-पक्कड गोळा करून निघून गेला. आमचं भांडण चालू होतं तेव्हाच कॉल येऊन गेला असणार. मी परत पत्र्यावर गेलो. बहिणीनं विचारलं, "जेवली का आय?" मी म्हणालो, "जेवली." खाली येऊन पाहिलं तर सकाळची दूधभाकरीची वाटी तशीच होती, तिला मुंग्या लागल्या होत्या. मी वाटी बाजूला सारली आणि राऊटर बंद करून पुन्हा चालू केला.

चौथ्या दिवशी सकाळी आई उठली नाही.

बहीण मांजरसुंब्याला गाडी बदलून आली, तोवर चिता विझत आली होती. भावकीनं थांबू दिलं नाही.

सुतकात हाताला काम नव्हतं, म्हणून मी ती सेटिंग उघडली. वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करू द्यायचं का, असं लिहिलेलं होतं, आणि पुढे बरोबरची खूण होती. मी ती काढली. त्यानंतर नेट एकदाही गेलं नाही. त्या लाइनवाल्यासमोरून जायची मला आजही लाज वाटते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी बहीण रिकाम्या खाटेवर बसली होती. तिनं मला लागेल असा एक शब्दही काढला नव्हता. फक्त म्हणाली, "मला तर दिसली न्हाई. तू जवळ व्हतास. शेवटचे तीन दिवस कशी दिसत व्हती, तेवढं सांग."

मी आठवायला लागलो. राऊटरवरचा कोणता दिवा लुकलुकत होता, कोणता स्थिर होता, ते सगळं आठवलं. आईचं तोंड काही केल्या आठवेना.

"बरी दिसत व्हती," मी म्हणालो.