तिसऱ्या पत्रातली गाळलेली वाक्यं

मंडळात तिला सगळ्या ‘रेडिओ’ म्हणत. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि एकदा सुरू झाली की मधे बोलायची कोणाची टाप नव्हती. एरवी ती कपडे दुरुस्त करायची. चौकातल्या टीचभर दुकानात पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, लोकांची वाढलेली पोटं शिवणीत सामावून घ्यायची, हा तिचा धंदा. पण दर तीन महिन्यांनी बेकरीच्या मागच्या खोलीत बावीस बायका जमल्या की पत्रं वाचायची ती रेडिओनेच.

मंडळाची रीत साधी होती. प्रत्येकीने दरमहा सारखीच रक्कम घालायची आणि जमलेलं सगळं एकाच संस्थेला द्यायचं. वाटून दिलं की कोणाचंच धड होत नाही, असं मंडळ चालवणाऱ्या बेकरीवालीचं ठाम मत होतं. तीन संस्थांची पत्रं यायची. पाकिटं सर्वांसमोरच फोडायची आणि वाचताना संस्थेचं नाव सांगायचं नाही. नाव कळलं की ओळखीपाळखी निघतात, मग भीड पडते. मत द्यायचं ते बटणाने, आणि बटणं रेडिओच्या दुकानातली. तीन बरण्या मांडलेल्या असत. ज्या पत्राला पैसे द्यावेसे वाटतील त्याच्या बरणीत बटण टाकायचं.

या खेपेच्या तिसऱ्या पत्राकडे ती डोळे लावून बसली होती. विसराळू झालेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं एक घर होतं. तिथे ती रोज सकाळी सासूला सोडायची. मंडळात हे कोणाला ठाऊक नव्हतं. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी, तरी सासूचं सगळं एकटी करते, म्हणून बायका तिचं कौतुक करायच्या. तिने ते कधी खोडून काढलं नव्हतं. कौतुक कोणाला नको असतं? त्या घराला रात्रीचीही सोय करायची होती, त्यासाठी एक बाई ठेवायला पैसे हवे होते. मंडळाकडे अर्ज करा म्हणून तिथल्या नर्सबाईंना तिनेच सुचवलं होतं. खरं काय ते लिहा, आमच्या बायकांना खरं लगेच कळतं, असं वर सांगूनही आली होती.

नर्सबाईंनी खरंच लिहिलं. सर्वांपुढे वाचता वाचता पान उलटल्यावर रेडिओला पुढची ओळ दिसली: ‘आमच्याकडच्या एका आजींच्या मनगटावर रोज सकाळी कापडी पट्टीचा वळ असतो.’

सासू रात्री दार उघडून निघून जायची. एकदा हमरस्त्यावर सापडली होती. तेव्हापासून रात्री तिचा हात पलंगाला बांधावा लागे. पट्टी रेडिओनेच शिवली होती, अस्तराच्या मऊ कापडाची, काचू नये म्हणून कडा दुमडून. तरी वळ उठायचाच.

तिने खोकल्याचं निमित्त केलं, घोटभर पाणी प्यायली आणि थेट शेवटच्या परिच्छेदावर गेली.

मधलं काढल्यावर पत्रात जीवच उरला नाही. बायकांनी रास्त शंका काढली: संध्याकाळी माणसं आपापल्या घरी जातातच, मग रात्रीची बाई कशाला? उत्तर तिला एकटीलाच माहीत होतं आणि तिने कागदाची घडी घातली. तिसऱ्या बरणीत दोन बटणं पडली. त्यातलं एक तिचंच. पैसे मुलांच्या फिरत्या वाचनालयाला मिळाले. सकाळी चेक धाडते, असं बेकरीवालीने सांगितलं आणि सगळ्या चहाला लागल्या. रेडिओने पत्र गुपचूप पर्समध्ये टाकलं.

संध्याकाळी सासूला आणायला गेली, तेव्हा नर्सबाईंनी आशेने विचारलं. अजून काही कळलं नाही, असं धडधडीत खोटं सांगून ती बाहेर पडली. स्वतःची तिला किळस आली.

जेवणं झाली. सासू पलंगावर बसली आणि तिने आपणहून हात पुढे केला.

“बांध,” ती म्हणाली. मग सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली. “पण आज काय केलं गं मी?”

“काही नाही केलंत, आई.”

पट्टी हातात तशीच राहिली. मग रेडिओने बेकरीवालीला फोन लावला.

“चेक धाडू नकोस. तिसरं पत्र मी पुरतं वाचलं नाही.”

“म्हणजे?”

“मधला भाग गाळला. आता वाचते, ऐक.”

पर्समधलं पत्र तिने उलगडलं. वळाची ओळ वाचली. त्यापुढचं तिने स्वतःही वाचलं नव्हतं. पुढे आपली लाज काढलेली असणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

“‘एकदा ती पट्टी मनगटावर तशीच राहून आली होती. तिच्या कडा दुमडून शिवलेल्या आहेत,’” ती वाचू लागली, “‘बांधणारीला किती जपायचं आहे, ते त्यावरून कळतं. तिला दोष देऊ नका. ती कित्येक महिने धड झोपलेली नाही. तिला झोप मिळावी म्हणून...’”

रेडिओ बंद पडला.

पलीकडून बेकरीवाली म्हणाली, “हे सगळ्यांपुढे वाचावं लागेल. मत पुन्हा घ्यावं लागेल. दुसऱ्या कोणाला वाचायला सांगू का?”

“नको. मीच वाचते.” तिने डोळे पुसले. “आणि कोणाच्या घरचं, तेही मीच सांगते.”

सासूने हात अजून पुढेच धरला होता. रेडिओ तिच्या शेजारी बसली आणि तो हात तिने आपल्या हातात घेतला.